डफावरचे गाणे आणि तबकडीवरचे गाणे

गणेशोत्सवात किंवा लग्नसराईत आपल्या नागपूरच्या कोणत्याही वस्तीतून संध्याकाळी जावे, तो ध्वनिवर्धकावरून एखादी लावणी कानी पडतेच. तीत ढोलकीचा कडकडाट असतो, घुंगरांचा झणत्कार असतो, आणि त्यांच्या खाली यंत्राने उत्पन्न केलेला एक जड ठोका अखंड चालू असतो, की ज्यामुळे शेजारच्या घराची तावदाने थरथरावी. अशा वेळी आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांत एक उद्गार ठरलेला आहे. पूर्वीची गाणी कशी निर्मळ, सहज आणि मातीतली होती; आता त्यांचा सगळा बाजार झाला! हा उद्गार ऐकून मान डोलवावीशी वाटते, आणि मीही ती पुष्कळदा डोलवली आहे. परंतु इतिहासाचा नाद असलेल्या माणसाने आपल्या मान डोलवण्याचाही कधी तरी जाब विचारावा, हे बरे. जुने गाणे खरोखरच बाजारापासून अलिप्त होते काय? आणि नसेल, तर ह्या दोन गाण्यांत जे अंतर आपल्याला जाणवते ते कशाचे? श्रोतेहो, आज ह्या दोन प्रश्नांचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम जुने गाणे म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आणू. पश्चिम महाराष्ट्रात ज्यास तमाशा म्हणतात, त्याचे नागपूर-भंडाऱ्याकडील भावंड म्हणजे खडी गंमत. खडी म्हणजे उभी. हिला रंगमंच लागत नाही, पडदा लागत नाही. गावातील मोकळी जागा पुरे. मध्यभागी शाहीर डफ घेऊन उभा राहतो; त्याच्या मागे ढोलकी, तुणतुणे आणि झांज; सोबत लोकांस हसवणारा सोंगाड्या आणि लुगडे नेसून स्त्रीचे सोंग घेतलेला नाच्या. भोवती चहूकडून गाव बसलेले. पूर्वी टेंभ्यांचा उजेड असे, पुढे गॅसबत्त्या आल्या, आता विजेचे दिवे आहेत. आरंभी गण होतो, मग गवळण, मग लावण्या आणि बतावणी, आणि हे सारे चालता चालता पूर्वेस तांबडे फुटते. भाषा म्हणावी तर मराठी. पण तीत नागपूरची बोली, झाडीपट्टीची बोली आणि वेळप्रसंगी हिंदीही मिसळलेली असते, कारण आपला हा मुलूख दोन भाषांच्या सीमेवर वसलेला आहे.

ह्या शाहिरांत पूर्वीपासून दोन पक्ष चालत आले आहेत: कलगीवाले आणि तुरेवाले. तुरेवाला शिवास, म्हणजे पुरुषतत्त्वास श्रेष्ठ मानतो. कलगीवाला शक्तीस, म्हणजे प्रकृतीस. उत्तरेकडे माळव्यातही हेच दोन पक्ष आहेत, आणि तिकडची आख्यायिका अशी की चंदेरीच्या राजाने तुकनगीर नावाच्या गोसाव्यास आपल्या पगडीचा तुरा दिला आणि शाह अली नावाच्या फकिरास कलगी दिली. आख्यायिकेतील इतिहास किती हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट तीतून दिसते: एक गोसावी आणि एक फकीर भर दरबारात परस्परांशी गाण्याने वाद घालीत आहेत, अशी ह्या परंपरेने स्वतःची कल्पना केली आहे. गावात हे दोन पक्ष समोरासमोर उभे राहत. एकाने गाण्यातून कूट घालावे, दुसऱ्याने त्याच चालीवर त्याचा उलगडा करावा. उलगडा झाला नाही, तर सामना तेथेच अडे. आणि ज्यास उत्तर सुचले नाही त्यास साऱ्या पंचक्रोशीत मान खाली घालून फिरावे लागे.

लहानपणी रामटेकच्या बाजूच्या एका खेड्यात पाहिलेला असाच एक प्रसंग माझ्या मनावर कोरलेला आहे. शाहिराने देहावर एक भेदिक लावणी लावली होती. देह हे नऊ दारांचे घर, असा तिचा रोख. गाणे ऐन रंगात असता गर्दीतून एक म्हातारा शेतकरी काठी टेकीत उठला आणि म्हणाला, "शाहीर, घराला दारे नऊ, हे कबूल, पण आत राहणारा कोणत्या दाराने आत आला, ते सांगून मग पुढे जा!" सारे गाव स्तब्ध झाले. ढोलकी थांबली, तुणतुण्याची तार मात्र वाजत राहिली. शाहिराने क्षणभर डोळे मिटले, डफावर दोन थापा दिल्या, आणि त्याच चालीत तेथल्या तेथे जुळवून गाइले की दारे बांधण्याच्या आधीपासून तो तेथे बसलेलाच होता; घर मागाहून त्याच्याभोवती उभे राहिले! म्हाताऱ्याने काठी वर केली आणि तो खाली बसला. मग जो गलका उठला, तो अजून माझ्या कानांत आहे.

ही आठवण सांगितली ती केवळ गतकाळाच्या गोडीने नव्हे. तिचा उपयोग मला पुढे करावयाचा आहे. तूर्त पैशाच्या प्रश्नाकडे वळू.

जुने गाणे बाजारापासून दूर होते, ही समजूत ऐतिहासिक पुराव्यापुढे टिकत नाही. लावणीचा वैभवकाळ म्हणून आपण उत्तर पेशवाईकडे बोट दाखवतो. अनंत फंदी, सोलापूरचा रामजोशी, परशराम, होनाजी बाळा, सगनभाऊ आणि प्रभाकर ही नावे शाळेतल्या मुलासही ठाऊक असतात. ह्यांत ब्राह्मण होते, होनाजी गवळी होता, सगनभाऊ मुसलमान होता. परंतु गाण्याची बिदागी घेण्यात कोणासही संकोच वाटत नसे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी लावणीस आश्रय होता. बैठकीच्या लावणीची प्रथा होनाजीने पाडली, असे परंपरा सांगते. उभ्याने, डफ-तुणतुण्यावर होणारी लावणी रागदारीत बसवून, तबल्याच्या साथीने धनिकांच्या बैठकीत नेणे, हा त्या काळचा केवढा फेरबदल होता! आज कोणी ढोलकीच्या जागी यंत्राचा ठोका बसवला म्हणून आपण चिडतो. त्या काळी डफाच्या जागी तबला आला तेव्हा खेड्यातील एखादा वृद्ध डफवाला असाच चिडला असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नाही. फार काय, होनाजी बाळा हे नावच पाहा. ते एका माणसाचे नाव नव्हे. काव्य होनाजी शिलारखान्याचे आणि गळा बाळा करंजकराचा. दोघांच्या भागीचे ते जोडनाव आहे. पेढीच्या पाटीवर दोन भागीदारांची नावे असावीत, तशी ती लोकांच्या तोंडी रुळली.

१८१८ साली पेशवाई गेली आणि पुण्याचा राजाश्रय संपला. इकडे नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली, आणि १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. ह्या सनावळीचा गाण्याशी संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध असा की ऐकणारा बदलला. सरदाराच्या वाड्याऐवजी जत्रा, आठवड्याचा बाजार आणि गिरणीची चाळ ही गाण्याची ठिकाणे झाली. एकाच्या शेल्यापागोट्याऐवजी हजारांचे आणे-पैसे गोळा होऊ लागले. मुंबईच्या गिरणगावात ह्या बदलाचे सर्वांत मोठे फळ दिसले ते पठ्ठे बापूरावांच्या रूपाने. रेठरे हरणाक्षचे हे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, जन्म १८६६ चा. कुळकर्णीपण सोडून ते फडात उतरले. पवळेच्या साथीने त्यांनी अमाप लौकिक मिळवला, पैसाही मिळवला. आणि १९४५ साली त्यांचा अंत झाला तो दारिद्र्यात. पैसा गाण्याच्या दारी आला नव्हता असे नाही. तो येत होता आणि जातही होता.

म्हणून बिदागी, सुपारी, तिकीट ही नवी पापे आहेत हे म्हणणे सोडून दिले पाहिजे. तरीही अंतर जाणवते, हे खरे आहे. ते कशामुळे?

येथे मी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे परत येतो. त्याने शाहिरास थांबवले आणि शाहीर थांबला. माझ्या मते जुन्या गाण्याचे मर्म ह्यातच आहे. ते गाणे समोरच्या माणसास उद्देशून होते, आणि समोरच्या माणसास उत्तर देण्याचा अधिकार होता. तो पैसे देई, वाहवा देई, हुर्यो करी, कूट घाली, आणि त्याच्या प्रत्येक कृतीने गाणे वळण घेई. एकच लावणी मौद्यास एका रीतीने होई आणि कुहीस दुसऱ्या रीतीने. राजाश्रय गेला तरी हा अधिकार गेला नाही. उलट तो एका धन्याकडून हजारांकडे गेला. तो गेला यंत्राच्या हाती गाणे आल्यावर.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानी गळा हिंदुस्थानातच तबकडीवर उतरू लागला. काही वर्षांतच कलकत्त्यास तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. रात्रभर चालणाऱ्या वस्तूस तीन मिनिटांच्या डबीत बसवावयाचे, म्हणजे काय काय बाहेर ठेवावे लागले असेल? गण गेला, बतावणी गेली, आळवणी गेली. मुखडा आणि दोन अंतरे उरले. तीन मिनिटांत प्रश्न घालता येतो. उत्तराची वाट पाहता येत नाही. शिवाय ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गाणाऱ्यासमोर असतो तो एक कर्णा, पुढे पुढे एक मायक्रोफोन. आणि तो कधी काठी टेकीत उठत नाही.

दुसरा फेरा चित्रपटाने आणला. १९४७ साली बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'रामजोशी' आला. ह्या चित्रपटाने लावणी मध्यमवर्गीय घरात नेली, हे त्याचे उपकार नाकारता येणार नाहीत; ज्या घरांत तमाशा हा शब्द उच्चारला जात नसे, त्या घरांतील स्त्रिया ती गाणी गुणगुणू लागल्या. १९५९ साली अनंत माने ह्यांचा 'सांगत्ये ऐका' आला. वसंत पवारांचे संगीत, आशा भोसल्यांचा गळा आणि जयश्री गडकरांचे नृत्य ह्यांनी महाराष्ट्र वेडावला. परंतु आणखी एक गोष्ट येथे घडली. गाणारी एक झाली आणि नाचणारी दुसरी. संगीतबारीत ह्या दोघी एकच असत. यमुनाबाई वाईकरांनी बसल्या जागी एका ओळीवर निरनिराळ्या रीतींनी अदा करावी, आणि प्रत्येक अदेस गळ्यानेही साथ द्यावी, ही त्यांची ख्याती होती. समोरच्या रसिकाचा चेहरा पाहून पुढची अदा ठरे. पडद्यावर ही शक्यताच राहिली नाही. गाणे आधी मुद्रित झाले, नाच मागाहून त्याच्या मापाने शिवला गेला, आणि पाहणारा अंधारात बसला.

ह्याच सुमारास सरकारचाही हात लागला. स्वातंत्र्याच्या प्रारंभकाळी मुंबई सरकारने अश्लीलतेच्या आरोपावरून तमाशावर बंदी घातली. ती पुढे उठली, परंतु सुधारणेच्या अटीवर. आणि वगाची संहिता आधी लिहून मंडळाकडून संमत करून घेण्याची रीत पडली. नागपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते, म्हणून तो आदेश आपल्यावर नव्हता. तरी त्यातील तर्क पाहण्याजोगा आहे. बतावणी ही आयत्या वेळी सुचणाऱ्या उत्तरावर जगते. उत्तर आधी लिहून द्या म्हणणे म्हणजे प्रश्न आधीच ठरला आहे असे मानणे. १९५४ साली भारत सरकारचा गीत व नाटक विभाग निघाला, आणि पुढे पुढे आपल्याकडील कित्येक शाहीर सरकारी योजनांच्या प्रचारासाठी डफ वाजवू लागले. त्यांस ह्यामुळे दोन घास मिळाले, ही गोष्ट लहान नाही. परंतु साक्षरतेवरच्या पोवाड्यास गावकऱ्याने कूट घालावे, असा प्रसंग त्यात येत नाही.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे समजू नये. अमेरिकेच्या दक्षिण भागातील डोंगराळ मुलुखात शेतकऱ्यांचे जे फिडल आणि बँजोवरचे गाणे होते, त्याचा इतिहास ह्याच वळणाने गेला आहे. १९२५ च्या नोव्हेंबरात नॅशव्हिल येथील एका नभोवाणी केंद्रावर सत्तरी उलटलेले एक फिडलवादक, जिमी थॉम्पसन, वाजवावयास बसले आणि श्रोत्यांच्या तारा व पत्रे येऊ लागली. त्या कार्यक्रमास पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव मिळाले. ते केंद्र काढले होते कोणी? एका विमा कंपनीने, आपल्या विम्याची जाहिरात व्हावी म्हणून! म्हणजे तेथेही ज्यास आज लोक अस्सल जुने म्हणतात, त्याचा जन्म व्यापाराच्याच अंगणात झाला. पुढे १९५० नंतरच्या काही वर्षांत त्याच नॅशव्हिलमध्ये फिडल मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि समूहस्वर आणले गेले, गाणे शहरी कानास गोड केले गेले, आणि जुन्या श्रोत्यांनी बाजार झाला म्हणून आक्रोश केला. प्रत्येक पिढी आपल्या तारुण्यात ऐकलेल्या बाजारास परंपरा म्हणते आणि मुलांच्या परंपरेस बाजार म्हणते, असे ह्यावरून वाटल्यास नवल नाही.

आता ज्या यंत्रातून मी बोलत आहे त्याचाही हिशेब दिला पाहिजे; नाही तर हे भाषण अप्रामाणिक ठरेल. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. आकाशवाणीने लोकसंगीतास जागा दिली, हे खरे. पण शुद्धाशुद्धतेचा सोवळेपणाही तिने पुष्कळ पाळला. १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर पेटी निषिद्ध होती. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर मंत्री असता चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हा श्रोते सिलोन केंद्राकडे वळले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून ती गाणी सन्मानाने परत बोलवावी लागली. वरून ठरवलेली शुद्धता श्रोत्यास मानवली नाही, हा त्यातील धडा. ह्याच आकाशवाणीने केलेला एक वेगळा प्रयोगही सांगितला पाहिजे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने सुमारे १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे काढली. लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून धाडावे, अशी ती योजना होती. पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांस उत्तरे मिळत. नभोवाणीच्या पेटीसही थांबवून प्रश्न विचारता येतो, हे त्या खेडुतांनी दाखवून दिले.

म्हणून यंत्र हे शत्रू आणि डफ हा मित्र, अशी सोपी वाटणी मला करावयाची नाही. सुलोचना चव्हाणांचे उदाहरण घ्या. त्यांनी फडात नाच केला नाही. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, मायक्रोफोनसमोर निश्चल उभे राहून त्या गायल्या, आणि केवळ शब्दांच्या फेकीने त्यांनी लावणीस असा ठसका आणला की अत्र्यांनी त्यांस लावणीसम्राज्ञी म्हटले. याहून मोठे उदाहरण ह्या शहरातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर जो जनसागर लोटतो, त्यात पुस्तकांच्या जोडीने गाण्यांचाही बाजार भरतो. आधी गीतांच्या चोपड्या, मग तबकड्या, मग कॅसेटी आणि चकत्या. वामनदादा कर्डकांची गाणी अशा वाटांनी घरोघर गेली. ती विकली गेली म्हणून त्यांचे तेज उणावले काय? मुळीच नाही, कारण विकत घेणारा ती नुसती ऐकत बसला नाही. त्याने ती आपल्या वस्तीत स्वतः गाइली, त्यांत आपल्या गावाचे नाव घातले, आणि नवी रचून पुढच्या वर्षी येथे आणली. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी ह्याच शहरात, दीक्षाभूमीवरील एका कार्यक्रमात, लोकांसमोर मंचावर असता कोसळले आणि गेले. आयुष्यभर तबकडीवर आणि पडद्यावर गाऊनही त्यांची अखेर समोरच्या श्रोत्यांच्या साक्षीने झाली.

उलटपक्षी, जुन्या रीतीचे सारेच सुंदर होते असेही मी म्हणणार नाही. समोरच्या श्रोत्याचा अधिकार हा पुष्कळदा धनिकाचा आणि पुरुषाचा अधिकार असे. दौलतजादा करणाऱ्याने नाचणारीशी कोणत्या भाषेत बोलावे, ह्यास धरबंध नसे. फडातील स्त्रिया बहुधा कोणत्या जातींच्या होत्या, आणि त्यांस गावात कोठे उतरावे लागे, हे आपण सोयीने विसरतो. नाच्याचे सोंग घेणाऱ्या मुलाची पुढे जी कुचेष्टा होई, तीही आठवावी. तथापि समोर असणाऱ्याचा एक गुण असतो. तो पाहू शकतो. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सर्वश्रुत आहे. प्रयोग चालू असता त्यांस कळा आल्या. त्या मागे जाऊन प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडात उभ्या राहिल्या. तेव्हा लोकांच्या ते ध्यानात आले आणि त्यांनीच बाईस विसावा घ्यावयास सांगितले, असे सांगतात. जो समाज स्त्रीस त्या स्थितीत नाचावयास लावतो त्याचे समर्थन करता येणार नाही. परंतु यंत्रावर ऐकणाऱ्यास गाणारीस कळा येत आहेत हे कळण्याचा मार्गच नसतो. राष्ट्रपतिपदक मिळवलेल्या ह्या विठाबाई २००२ साली वारल्या, त्या हलाखीतच.

आणि हाच मुद्दा निकडीचा आहे. गाणे हे कोणाचे तरी पोट आहे. ज्या चाली ध्वनिवर्धकावरून आपल्यावर आदळतात, त्यांतील पुष्कळशा कोणत्या ना कोणत्या डफवाल्याच्या, नाच्याच्या, फडातील बाईच्या घरून आलेल्या आहेत. होनाजीच्या काळी चाल नेणारा निदान समोर बसून नेत होता आणि जाताना काही ठेवीत होता. आज चाल जाते, आणि ज्याची ती, तो वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी कचेरीच्या पायऱ्या चढत असतो. बाजार झाला ही तक्रार करावयाची, तर ती येथे करावी: बाजारात माल आला, मालक आला नाही.

मग उपाय काय? उपाय सांगण्याचा अधिकार मला नाही. पण एक उदाहरण दाखवता येते, आणि ते आपल्या दारातले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. धानाची कापणी होत आलेली असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, सोयरे जमतात, दिवसा दंडार होते आणि रात्री नाटक. वैनगंगेच्या खोऱ्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे ह्या नाटकांच्या कंपन्यांचे ठाणे आहे. गावचे मंडळ कंपनी ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते; नाटक रात्री सुरू होते आणि पहाटे संपते. आपण शहरी लोक तेथे गेलो, तर नाके मुरडण्यास जागा पुष्कळ सापडेल. ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे नाच आहेत, चित्रपटाच्या छापाच्या लावण्या आहेत, रंगीत दिव्यांचा झगमगाट आहे. हा शुद्ध व्यापार आहे, आणि तो स्वतःस दुसरे काही म्हणवीतही नाही. पण नाटक रुचले नाही तर गाव रात्रीच सांगते, आणि पुढच्या वर्षी ती कंपनी त्या गावी दिसत नाही. तिकिटाचे पैसे गावच्या मंडळाच्या हातून जातात, आणि नट सकाळी त्याच गावात चहा पितो. ह्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे ह्यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यामुंबईकडे कित्येकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले. हजारो माणसांचे पोट भरणारा हा धंदा आहे. आणि त्यात प्रेक्षकाचा तो जुना अधिकार शाबूत आहे.

म्हणून माझा निष्कर्ष थोडक्यात असा. जुन्या आणि नव्या गाण्यांत रेषा ओढावयाचीच असेल, तर ती पैशाच्या ठिकाणी ओढू नये, वाद्याच्या ठिकाणी ओढू नये, डफ आणि यंत्र ह्यांच्या मध्येही ओढू नये. जेथे ऐकणारा गाणाऱ्यास थांबवून काही विचारू शकतो, आणि गाणाऱ्याचे घर कसे चालते हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते, तेथे गाणे जिवंत आहे, मग ते कालच रचलेले का असेना. जेथे हे नाही, तेथे दोनशे वर्षांची अस्सल लावणीसुद्धा संग्रहालयातील पागोट्यासारखी आहे: कापड खरे, बांधणी खरी, पण आत डोके नाही.

ह्या दृष्टीने पाहता दोषाचा काही वाटा आपल्याही पदरी येतो. आपण घरी बसून गाणे ऐकतो, ते बिघडले म्हणून हळहळतो आणि कळ फिरवतो. रामटेकच्या बाजूचा तो म्हातारा अक्षरशत्रू होता. परंतु तो आपल्याहून चांगला श्रोता होता, कारण गाणे आपल्याला विचारले जात आहे हे त्यास ठाऊक होते. यंदा दिवाळीनंतर सवड काढून पवनी-ब्रह्मपुरीकडच्या एखाद्या मंडईस जावे, तिकीट काढून रात्रभर बसावे, आवडले तर उघड दाद द्यावी, नावडले तर तेही उघड सांगावे. आणि एखाद्या गावी खडी गंमत उभी राहिलेली दिसली, तर मागच्या रांगेत न बसता जरा पुढे सरकावे.

शाहीर बहुधा आपल्याकडेच पाहून प्रश्न घालीत असतो. उत्तर येईपर्यंत त्याच्या तुणतुण्याची तार वाजत असते.